जोर्वेची काळी रेघ

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातला कुंभारवाडा आता दुकानांच्या गर्दीत जवळजवळ बुडाला आहे. संक्रांतीला सुगडी, नवरात्रात घट, ऊन तापले की माठ आणि दिवाळीआधी पणत्या, एवढ्यापुरतीच गिऱ्हाइकाला त्याची आठवण होते. हे शहर मात्र कुंभाराचे ऋणी आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, मग डोंगराकडचे पाणी नहरीने गावात आणले, आणि ते वस्तीत खेळवले खापरी नळांतून. ते नळ भाजलेल्या मातीचे होते आणि जमिनीत गाडायचे होते. त्यांच्यावर नक्षी काढायचे कारणच नव्हते. पुढे औरंगजेबाच्या काळात पुरे वाढले, तरी इथल्या कुंभाराकडून लोकांनी कामाची वस्तू मागितली, देखणी नव्हे. देखणेपणाचा मान हिमरू विणणाऱ्यांना आणि बिदरी घडवणाऱ्यांना मिळाला.

याच मुलखातल्या कुंभाराच्या हातात एकेकाळी कुंचला होता आणि तो भलताच सराईत होता, हे कळायला पैठण गेटातून बाहेर पडून गोदावरी गाठावी लागते. पैठणजवळचे आपेगाव ज्ञानेश्वरांमुळे सगळ्यांना ठाऊक आहे. तिथल्या नदीकाठच्या पांढरीत १९७६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. शां. भा. देव, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली मंडळी. संतांच्या, यादवांच्या, सातवाहनांच्याही कितीतरी आधीची एक शेतकरी वस्ती तिथे निघाली आणि तिच्याबरोबर निघाली तांबड्या अंगावर काळ्या रेघा ओढलेली खापरे. तोवर अभ्यासकांना ही खापरे ओळखीची झाली होती. पंचवीस वर्षांपूर्वी ती कोणी ओळखली नसती.

१९५० च्या आसपास महाराष्ट्राचा प्राचीन इतिहास मोठा चमत्कारिक दिसत असे. एका टोकाला नदीच्या वाळूगोट्यांत सापडणारी अश्मयुगीन हत्यारे, दुसऱ्या टोकाला मौर्य-सातवाहन, लेणी आणि नाणी. मधली हजारो वर्षे कोरी. इथे माणसे राहत नव्हती की काय, असा प्रश्न पडावा अशी ती पोकळी होती. ह. धी. सांकळिया १९३९ पासून डेक्कन कॉलेजात होते आणि ही पोकळी त्यांना सतत टोचत असे. १९५०-५१ मध्ये त्यांनी देवांना बरोबर घेऊन दोन ठिकाणी कुदळ घातली: नाशिकला, आणि संगमनेरजवळ प्रवरेच्या काठी असलेल्या जोर्वे नावाच्या लहानशा गावात. नाशिकचे नाव पुराणापासूनचे. जोर्व्याला तसे काहीच नाव नव्हते. तिथे तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी निघाल्या, एक बांगडी निघाली आणि चाकावर घडवलेली, भक्कम भाजलेली, काळ्या रेघांची तांबडी भांडी निघाली. पुढे महाराष्ट्रात जिथे जिथे तसली खापरे सापडली त्या सगळ्यांना याच गावाचे नाव चिकटले. आज पुरातत्त्वाच्या पुस्तकांत ‘जोर्वे संस्कृती’ म्हणून जे शिकवले जाते, ते खरे तर एका कुंभारकामाचे नाव आहे. राजा नाही, लिपी नाही, देवाचे नाव नाही. सातशे वर्षांची ओळख मडक्यावरून.

मग खापरांमागे धावणे सुरू झाले. बा. कृ. थापरांनी तापीकाठी प्रकाशे खोदले, म. न. देशपांड्यांनी गिरणेकाठी बहाळ. सांकळियांचा चमू १९५४ ते १९५६ नेवाशात होता. १९६० मध्ये चांडोली झाले. प्रवरेवरचे दायमाबाद १९५८ मध्ये उजेडात आले आणि पुढे दोन दशके अधूनमधून खणले गेले. एस. ए. साळींनी तिथे एकावर एक बसलेले पाच थर वेगळे केले: सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि सर्वांत वर जोर्वे. पण या काळातले घरदार, अंगण, चूल, धान्याची कोठी असे सगळे गाव डोळ्यांसमोर उभे केले ते शिरूर तालुक्यातल्या इनामगावने. घोड नदीच्या काठी १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षे तिथे हंगामामागून हंगाम काम चालले. कोळशाच्या कार्बन-१४ परीक्षणातून काळही बसला. इसवी सनपूर्व १४०० ते १००० हा पूर्व जोर्वे, १००० ते ७०० हा उत्तर जोर्वे. जोर्वे पद्धतीच्या दोनशेहून अधिक वस्त्या आता ठाऊक आहेत. कोकणपट्टी आणि विदर्भाचा बराच भाग सोडला, तर नदीकाठच्या काळ्या जमिनीत सगळीकडे हीच मंडळी सातू पेरत होती.

आता भांडे हातात घेऊ. जोर्व्याचे सर्वांत ओळखीचे भांडे म्हणजे तोटीचे. पोट गोल, मान वर बाहेर उमललेली, आणि खांद्याजवळून निघालेली नळीसारखी लांब तोटी. कान नाही, मूठ नाही. दोन्ही तळव्यांत धरून कलते करायचे. अंग पातळ आहे. काप पाहिला तर माती बारीक, चाळल्यासारखी, आणि आतपर्यंत सारखी भाजलेली. टिचकी मारली तर धातूसारखा खणखणीत नाद येतो. आपल्या बाजारातला माठ मुद्दाम सच्छिद्र ठेवतात, पाणी पाझरून थंड व्हावे म्हणून. याची जात निराळी. चाकावरून उतरवलेल्या पोटाला खांद्याशी भोक पाडायचे, वेगळी केलेली तोटी तिथे बसवायची, आणि सांधा असा लिंपायचा की वाळताना दोन्ही भाग सारखेच आकसले पाहिजेत. माती जरा कमीजास्त ओली असली की सांध्याला चीर पडते आणि ती दिसते भाजून झाल्यावर, म्हणजे सगळी मेहनत वाया गेल्यानंतर. ज्याने हे भांडे शेकड्यांनी बनवले त्याला मातीचा ओलावा बोटांनीच कळत असणार.

रंग काळा, खनिजाचा, आणि भाजण्याआधी लावलेला. काजळी किंवा कोळशाचा काळा आव्यात जळून उडाला असता. हा मातीबरोबरच भाजला गेला, म्हणून तीन हजार वर्षे मातीत राहूनही नखाने निघत नाही. चित्रण भांड्याच्या वरच्या अर्ध्यात असते, खांद्यापासून पोटाच्या फुगीपर्यंत. खालचा अर्धा कोरा. भांडे जमिनीवर ठेवले आणि बसलेल्या माणसाने वरून पाहिले तर जेवढे दिसेल तेवढेच रंगवलेले आहे. दुसरा नेहमीचा घाट म्हणजे कमरेशी धार असलेला वाडगा. त्याच्यावर धारेच्या वर, बाहेरून, तिरप्या रेघांची किंवा जाळीची एक पट्टी असते, आणि बस्स.

नक्षीची शब्दसंपत्ती मोजकी आहे. आडव्या रेघा, नागमोडी रेघ, तिरप्या रेघांनी भरलेले त्रिकोण, जाळीचे शंकरपाळे, शिडी. चित्रे क्वचित. आधीच्या माळवा भांड्यांशी तुलना केली की हा कोरडेपणा जास्तच जाणवतो. नर्मदेवर महेश्वरसमोर नावडातोलीला सांकळियांना जी माळवा भांडी मिळाली, त्यांच्यावर नक्षीचे शेकडो प्रकार आहेत. हरणे, मोर आणि हातात हात घालून नाचणारी माणसेही. त्याहून जुन्या सावळदा भांड्यांवर बाण आणि मासे दिसतात. माळव्याची माणसे दख्खनमध्ये आली, त्यांच्यानंतर जोर्व्याचा काळ सुरू झाला, आणि हरणे-मोर जवळजवळ नाहीसे झाले. काही अभ्यासकांना ही कलेची उतरण वाटते. मला तसे वाटत नाही. तापीच्या प्रकाशेपासून भीमेच्या खोऱ्यातल्या इनामगावपर्यंत भांडे पाहून एकाच घराण्यातले वाटावे, एवढा सारखेपणा कल्पनादारिद्र्याने येत नाही. त्याला शिस्त लागते. लोकांना काय हवे हे कुंभाराला माहीत होते आणि कुंभार काय देईल हे लोकांना. पैठणीच्या काठावरचा मोर दरवर्षी बदलत नाही म्हणून विणकराला कोणी आळशी म्हणत नाही.

या शिस्तीचे मूळ चाकात आहे. भांड्याभोवती फिरणारी आडवी रेघ नीट पाहा. ती कुठेही कमीजास्त जाड होत नाही आणि जिथे सुरू झाली तिथेच येऊन मिळते. ती हाताने ओढलेली नाही. कुंचला स्थिर धरला आणि चाक फिरवले, म्हणजे भांड्याने स्वतःच ती ओढून घेतली. अशा दोन रेघांमध्ये मोकळा पट्टा उरतो. तो भरायला तिरप्या फटकाऱ्यांसारखे सोयीचे दुसरे काही नाही. हात एका लयीत खालीवर, भांडे हळूहळू पुढे. मोर काढायला थांबावे लागते. रेघेला थांबावे लागत नाही.

ही गोष्ट किती निर्णायक आहे ते कळायला पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जावे लागेल. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको प्रांतात झुनी नावाचे मूलनिवासींचे गाव आहे. तिथल्या भांडी घडवणाऱ्या प्रामुख्याने बाया. चाक त्यांच्याकडे नव्हतेच. जुनी फुटकी खापरे कुटून मातीत मिसळायची, मातीच्या वळकट्या एकावर एक रचत भांडे उभे करायचे, भोपळ्याच्या कवटीच्या तुकड्याने खरवडून सारखे करायचे, वर पांढऱ्या मातीचा लेप, तो गुळगुळीत दगडाने घोटायचा, मग युक्का नावाच्या झाडाच्या पात्याचे टोक चावून केलेल्या कुंचल्याने काळा-तांबडा रंग, आणि शेवटी मेंढ्यांच्या वाळल्या लेंड्यांच्या जाळात उघड्यावर भाजणे. त्यांच्या पाण्याच्या घागरींवर हरीण असते आणि हरणाच्या तोंडापासून काळजापर्यंत जाणारा तांबडा बाण असतो. शेजारी पाकळ्यांचे मोठे फूल, गुंडाळलेल्या वेली, पक्ष्याची वळणे. १८७९ मध्ये स्मिथसोनियन संस्थेच्या वतीने जेम्स स्टीव्हन्सन, त्याची पत्नी मटिल्डा आणि फ्रँक कुशिंग हा तरुण तिथे पोचले. स्टीव्हन्सन दांपत्याने भांडी हजारांनी वॉशिंग्टनला रवाना केली. कुशिंग मात्र तिथेच राहिला, त्यांची भाषा शिकला, आणि त्याने एक बारीक गोष्ट टिपली. भांड्याभोवतीची रेघ या बाया पुरी करत नाहीत. एक फट ठेवतात. भांड्यातल्या जिवाला जायला वाट हवी, ही त्यांची समजूत.

जोर्व्याच्या भांड्यावर अशी फट शोधण्यात अर्थ नाही. चाकावर रेघ बंदच होते. झुनी बाई भांडे मांडीवर घेऊन, स्वतः थोडे थोडे फिरवत रेघ ओढते, म्हणून कुठे थांबायचे ते तिच्या हातात असते. हातानेच सगळे करायचे तर हरीण काढायला लागणारा वेळ काही जास्तीचा वाटत नाही. चाकाने जोर्व्याच्या कुंभाराला वेग दिला, सारखेपणा दिला, दोनशे गावांचा बाजार दिला, आणि त्याबदल्यात हरीण घेतले. आणखी एक गोष्ट घेतली असावी. आपल्याकडच्या कुंभारघरांत बाई माती तुडवते, भांडी वाळवते, रंगवते, विकते, पण परंपरेने चाकाला हात लावत नाही. ही रीत किती जुनी, हे खापर सांगणार नाही. मात्र इनामगावात चाकावरच्या रंगीत भांड्यांबरोबर हाताने थापलेली, जाडीभरडी, राखी रंगाची भांडीही सर्रास आहेत, आणि त्यातल्या मोठ्या रांजणांवर मातीच्या पट्ट्या चिकटवून बोटांनी चेपलेली नक्षी आहे. ती घराघरांत बायकांनी केली असावी, असा माझा कयास. त्या पट्टीवर बोटाचा खळगा दिसतो. रंगीत भांड्यावर माणसाचा असा ठसा शोधूनही मिळत नाही.

सांकळियांचे मन मात्र तोटीने फार दूर नेले. नावडातोलीच्या आणि इराणातल्या प्राचीन तोटीच्या भांड्यांतले साम्य त्यांना इतके जाणवले की १९५५ मध्ये त्यांनी ‘अँटिक्विटी’ या इंग्रजी नियतकालिकात त्यावर लेख लिहिला, आणि पुढे या लोकांचा संबंध आर्यांशी जोडायचाही विचार मांडला. नंतरच्या अभ्यासकांनी तो फारसा उचलला नाही. भांड्याचा घाट सारखा म्हणून माणसे तीच, असे म्हणणे धोक्याचे असते. तरी सांकळियांच्या बाजूने एवढे म्हणावे लागेल की खापराकडे इतक्या गांभीर्याने पाहायची सवय महाराष्ट्राला त्यांनीच लावली.

इनामगावात गावाची रचनाही उलगडली. मध्यभागी खातेपिते शेतकरी. पाच खोल्यांचे एक मोठे घर आणि त्याला लागून धान्याचे कोठार. ते प्रमुखाचे असावे, असे ढवळीकरांचे मत. नदीचे पाणी वळवण्यासाठी काढलेला पाट आणि पुराला आवर घालणारा बांधही सापडला. पश्चिमेच्या कडेला कारागीर: कुंभार, सोनार, चुना भाजणारा, हस्तिदंताचे काम करणारा. कुंभाराचे घर आणि त्याची गोल भट्टी ओळखता आली. भट्टी गावाच्या कडेला असणे साहजिकच. धूर आणि ठिणगी कोणाला हवी असते? पण कारागीर कडेला आणि कोठारवाला मधोमध, ही मांडणी नंतरच्या पुष्कळ मराठी गावांत दिसते.

कुंभाराला मोबदला बहुधा धान्यात मिळत असणार. सातू हे मुख्य पीक. कोठारात जमा होई, तिथून वाटले जाई. म्हणजे रंगीत भांडे उभे होते ते शेतातल्या शिलकीवर.

चांगल्यातले चांगले भांडे मात्र स्वयंपाकघरात फुटून जाई. जी धड हाती लागली त्यांतली पुष्कळशी दफनांतून मिळाली, आणि ती बहुतेक लहान मुलांची. मूल गेले की घराच्या जमिनीतच खड्डा घेत. दोन राखी रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवत, त्यांत देह. जवळ एक रंगीत वाडगा आणि एक तोटीचे भांडे. मोठी माणसे लांबट खड्ड्यात उताणी निजवत आणि पाय घोट्याखाली तोडत; मृताने उठून कुठे जाऊ नये म्हणून, असा अंदाज आहे. मुलासाठी जो रांजण वापरला तो घरचा, हाताने थापलेला. शेजारी ठेवलेले भांडे कुंभाराकडचे, रेघांचे. नेवाशात एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि तिच्या दोऱ्याचे धागे तांब्याच्या क्षारांमुळे टिकून राहिले होते. पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात या काळातली भांडी पाहायला मिळतात. त्यांतल्या लहान तोटीच्या भांड्यांसमोर उभे राहिले की आकार बोचतो. ती मोठ्या माणसाच्या ओंजळीलाही लहान आहेत.

इसवी सनपूर्व १००० च्या सुमारास पाऊस हटू लागला. निदान ढवळीकरांनी इनामगावच्या पुराव्याची संगती अशी लावली, आणि आजवर ती सर्वांत पटणारी आहे. भीमा-घोडच्या खोऱ्यात लोक टिकून राहिले, पण हाल काढत. वरच्या थरांत मोठी चौकोनी घरे संपतात आणि लहान गोल झोपड्या दिसू लागतात. धान्य कमी झाले. रानातल्या हरणांची हाडे वाढली. उत्खनन करणाऱ्यांनी त्या गोल झोपड्यांची तुलना त्याच भागातल्या फिरस्त्या लोकांच्या आजच्या पालांशी केली.

भांड्यांवर हे सगळे उमटले आहे. घाट तेच राहिले: तोटीचे भांडे, धारेचा वाडगा. माती मात्र भरड झाली, भाजणी कच्ची झाली, आणि रंगकाम घटत गेले. ज्या पट्टीत आधी जाळीचे शंकरपाळे ओळीने बसत, तिथे आता जेमतेम दोन आडव्या रेघा, कुठे तेवढ्याही नाहीत. पोटाला चिमटा बसला की आधी रंग जातो, घाट नंतर. कारण उघड आहे. वाडगा सगळ्यांना लागतो. शंकरपाळ्यांचा मोबदला ज्याच्या कोठारात शिल्लक आहे तोच देतो. इसवी सनपूर्व ७०० च्या आसपास इनामगाव सुटले. माणसे गेली आणि कुंभाराचे चार-दोन घरांत राहिलेले कसब त्यांच्याबरोबर गेले.

झुनीवरही वाईट दिवस आले. विसाव्या शतकात पत्र्याच्या आणि चिनी मातीच्या भांड्यांपुढे त्यांची घागर मागे पडली, गावातल्या बहुतेक बाया चांदी-फिरोज्याच्या दागिन्यांकडे वळल्या. पण तिथे कुंचला एका कारागीर घराण्याच्या मालकीचा नव्हता. १९२४-२५ मध्ये रुथ बन्झेल ही मानववंशशास्त्रज्ञ बाई तिथल्या आणि शेजारच्या गावांतल्या बायांबरोबर बसून भांडी घडवायला शिकली, नक्षी कशी सुचते ते तिने त्यांनाच विचारले, आणि १९२९ मध्ये तिचे पुस्तक आले. पुढे झुनीच्या शाळेत मातीकामाचे वर्ग भरू लागले. १९८० च्या दशकात तिथल्या काही कुंभारणींनी वॉशिंग्टनला जाऊन स्टीव्हन्सन दांपत्याने नेलेली पणज्यांची भांडी पाहिली आणि तीच हरणे पुन्हा काढायला घेतली. चाक नसणे शेवटी त्यांच्या पथ्यावर पडले, असे मला वाटते. वळकटीचे भांडे कोणत्याही घरात, कोणत्याही मुलीला शिकवता येते. चाक आणि भट्टीचा धंदा गिऱ्हाईक गेले की उठतो.

गोदावरीच्या खोऱ्यात पुन्हा गावे उभी राहिली, लोखंड आले, पैठण मोठे शहर झाले. १९३७ मध्ये निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याने तिथे खोदकाम केले, १९७३ मध्ये मराठवाडा आणि नागपूर विद्यापीठांनी मिळून भोकरदनला. दोन्हीकडे सातवाहन काळातले उत्तम कुंभारकाम आहे. घोटून आरशासारखी केलेली काळी आणि तांबडी भांडी आहेत, साच्यातून काढलेल्या बाहुल्या आहेत, ठशाने उठवलेली नक्षी आहे. कुंचल्याची रेघ जवळजवळ नाही. ठसा दाबायला चाकाइतकाही वेळ लागत नाही, आणि घोटलेल्या भांड्याला चकाकीच पुरते. जोर्व्यानंतर या जिल्ह्यात कुंचला खऱ्या अर्थाने भरात दिसतो तो अजिंठ्याच्या नवव्या आणि दहाव्या लेण्यांत. तिथे त्याच्याखाली भांडे नाही, कातळावर थापलेला मातीचा गिलावा आहे, आणि खर्चाला दात्यांचा पैसा आहे.